चाऱ्याच्या आणि गोठ्याच्या कामासाठी ट्रॅक्टर घेताय? शोरूमला जाण्याआधीची तयारी

कागद-पेन घेऊन आधी गोठ्यात जा, शोरूमला नंतर. जनावरं किती आहेत, दोन-तीन वर्षांत किती होतील आणि त्यांच्या पुढ्यात वर्षभर काय पडणार, हे लिहून काढा. वीस संकरित गाई आणि प्रत्येकीला रोज वीस किलो मुरघास, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवलेला हिरवा चारा, धरला, तर दिवसाला चार क्विंटल, वर्षाला १४६ टन. खड्ड्यात थोडंफार वाया जातंच, म्हणून १६० धरा. मका एकरी पंधरा ते वीस टन निघाला तर हे आठ ते अकरा एकरांचं काम झालं, किंवा त्याच्या निम्म्या रानात खरीप-रब्बी मिळून दोनदा. हा आकडा हातात नसताना शोरूमला गेलं की सेल्समन जो एचपी सांगेल तोच आपल्याला लागतोय असं वाटायला लागतं.

त्याच कागदावर मधोमध एक रेघ मारा. डावीकडे रोजची कामं लिहा: शेण उचलणं, वैरण आणणं, कुट्टी, मुरघास काढून गव्हाणीपर्यंत नेणं, पाण्याचा टँकर ओढणं. उजवीकडे हंगामी कामं: मक्याची कापणी-कुट्टी, खड्डा दाबणं, भाताच्या पेंढ्याच्या किंवा कडब्याच्या गाठी बांधणं. बहुतेक जण उजव्या बाजूकडे बघून ट्रॅक्टर ठरवतात, कारण तिथली मशिनं मोठी आणि डोळ्यांत भरणारी असतात. माझं मत उलटं आहे. वर्षातून आठ-दहा दिवस चालणारं हार्वेस्टर, म्हणजे मका कापून कुट्टी करणारं मशीन, भाड्यानं आणा आणि ट्रॅक्टर डाव्या बाजूसाठी घ्या. एवढंच आधी तपासा की गावात किंवा शेजारच्या गावात ते मशीन भाड्यानं मिळतं का, आणि सगळ्यांचा मका एकाच आठवड्यात तयार झाला तर तुमचा नंबर कधी लागेल. मका चिकाच्या पुढे जाऊन कडक झाला की खड्ड्यात नीट दबत नाही. नंबर वेळेत लागणार नसेल, तर मात्र उजवी बाजूही तुमचीच.

निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवर भागेल का? पंचवीस-अठ्ठावीस एचपीचा तो अरुंद ट्रॅक्टर बागेतला फवारणीचा ब्लोअर उत्तम चालवतो. कुट्टी मशीन चालवेल, हलकी ट्रॉली ओढेल. पाच-सहा जनावरं असतील तर दुसरा घेऊच नका. पण लोडर, म्हणजे पुढचं उचलणारं बकेट, लावून शेण उचलायचं, खड्डा दाबायचा, भरलेली ट्रॉली चढावर न्यायची, ही त्याची कामं नव्हेत. इंजिन कमी पडतं हे आहेच, पण त्याहून मोठी अडचण त्याच्या वजनाची आणि अरुंद अंगाची. भरलेलं बकेट वर घेऊन वळताना अरुंद ट्रॅक्टर कलंडायला वेळ लागत नाही.

आता एचपी. बोनेटवर किंवा जाहिरातीत लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. बेलर (चाऱ्याच्या गाठी बांधणारं मशीन), कुट्टी मशीन, हार्वेस्टर यांना जी ताकद मिळते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टची, आणि ती साधारण इंजिनाच्या ८५ ते ९० टक्के असते. म्हणजे ४८ एचपीच्या ट्रॅक्टरचे मशिनापर्यंत ४१ ते ४३ पोचतात. अवजाराच्या पुस्तिकेत जी गरज लिहिलेली असते ती याच आकड्याशी ताडून बघा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता मोजून दिलेली असते. ज्या मॉडेलवर मन बसलंय त्याचा अहवाल डीलरकडे मागा. ‘साहेब, कंपनीचं ब्रोशर आहे की’ असं उत्तर आलं तरी मागाच.

वीसेक गाईंच्या गोठ्याला ४२ ते ४८ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. पन्नासच्या वर जायचं असेल तर एक गोष्ट माहीत हवी: १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम-४ हे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्या गटातल्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा आली आणि किंमत वाढली. ती इंजिनं वाईट नाहीत, चांगलीच आहेत. पण बिघाड झाला की गावच्या मिस्त्रीचा पान्हा-पक्कड तिथं चालत नाही, लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो. तो पेठ-सुरगाण्याकडच्या वाडीवर किती वेळात पोचेल, हे आधीच विचारून ठेवा.

क्लचबद्दल मात्र घाई करू नका, चाऱ्याच्या कामात खरी गोम तिथंच आहे. साध्या एका क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पाय दाबला की चाकं थांबतात आणि पीटीओही थांबतो. नांगरट, रोटाव्हेटरला त्याचं फारसं बिघडत नाही. पण बेलर ओळीवरून चाललाय, पुढे पेंढ्याचा ढीग जाड झालाय, अशा वेळी ट्रॅक्टर थांबवून बेलरला गिळायला वेळ द्यायचा असतो. एका क्लचवर तिथं मशीनही थांबतं, आतला चारा अडकतो आणि मग कोयत्यानं उपसत बसावं लागतं. डबल क्लचमध्ये पाय अर्धा दाबला तर फक्त गाडी थांबते, पीटीओ चालू राहतो. स्वतंत्र पीटीओ असेल तर त्याचा दांडाच वेगळा, क्लचशी संबंध नाही. बेलर किंवा हार्वेस्टर कधी ना कधी लावणार असाल तर डबल क्लचच्या खाली उतरू नका. उलटा फिरणारा पीटीओ मिळाला तर सोन्याहून पिवळं, अडकलेलं मशीन उलटं फिरवून मोकळं करता येतं. आणि सर्वांत खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर ताशी किती किलोमीटर चालतो ते विचारा. ताशी दोन किलोमीटरच्या आसपासचा गिअर हवा, नाहीतर दाट मक्यात हार्वेस्टर गुदमरतो.

इगतपुरी-घोटीकडे भाताचा पेंढा आणि माळाचं गवत, सिन्नर-येवल्याकडे बाजरी-मक्याचा कडबा, गोदाकाठी उसाचं वाडं. प्रत्येकाचं यंत्र वेगळं. गवत कापणारं मोवर आणि ओळी लावणारा रेक ३५ एचपीवरही चालतात. छोट्या गोल गाठींचा बेलर चाळिशीच्या आसपास मागतो, चौकोनी गाठींचा बहुधा पन्नाशीच्या पुढे. भाताची खाचरं ओली असतात, बांध जवळजवळ असतात, तिथं फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरचा, पैसा वसूल होतो. सिन्नरच्या कोरड्या रानात निव्वळ चाऱ्याच्या वाहतुकीला तो खर्च मला पटत नाही.

लोडर लावायचा असेल तर मात्र सगळीकडेच पटतो. लोडर आणि भरलेलं बकेट यांचा भार पुढच्या आसावर येतो. टू व्हील ड्राइव्हची पुढची बारीक चाकं शेणाच्या ओल्या ढिगाजवळ रुततात आणि मागची चाकं हलकी होऊन जागेवर फिरतात. म्हणून लोडरसोबत मागे वजन हवंच: चाकांत पाणी भरा, लोखंडी वजनं लावा किंवा मागे जड अवजार अडकवून ठेवा. पॉवर स्टेअरिंग गरजेचंच. पुढे-मागे करायला वेगळा शटल दांडा असेल तर दिवसाकाठी शंभरदा गिअर बदलणारा हात वाचतो. हायड्रॉलिकचे जादा आउटलेट किती आणि पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, हे विचारा. आणि बाहेरून लोडर बसवला तर वॉरंटी राहते का, याचं उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

खड्डा दाबण्याचं गणित सोपं आहे, पण कुणी करत नाही. तासाला जितके टन कुट्टी खड्ड्यात पडते, त्या प्रत्येक टनामागे दाबणाऱ्या ट्रॅक्टरचं वजन साधारण चारशे किलो हवं. ४५ एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तो तासाला पाच टन नीट दाबू शकतो. भाड्याचं हार्वेस्टर त्याच्या दुप्पट वेगानं ट्रॉल्या भरून पाठवत असेल तर ढीग उंच होईल पण आत हवा राहील, आणि दोन महिन्यांनी खड्डा उघडला की बुरशीचा पांढरा थर दिसेल. तेव्हा शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्या दिवसापुरता सांगून ठेवा, नाहीतर हार्वेस्टरवाल्याला दमानं घ्यायला सांगा.

गोठ्याच्या दाराची उंची, गव्हाणीमधल्या रस्त्याची रुंदी आणि वळायला लागणारी जागा फुटपट्टीनं मोजून न्या. सायलेन्सर वर तोंड केलेला असेल तर तो पत्र्याला लागतो. खाली सोडलेला असेल तर वाळलेल्या चाऱ्यात ठिणगीची भीती, त्यामुळे ठिणगी अडवणारी जाळी बसते का ते बघा. रेडिएटरपुढची जाळी हातानं काढून झटकता आली पाहिजे. भुश्शात ती तासाभरात भरते आणि इंजिन तापतं. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. साडीचा पदर, उपरण्याचं टोक, जॅकेटची दोरी, काहीही गुंडाळलं गेलं तर सोडवायला सेकंदही मिळत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, जुन्या कोटेशनवर जाऊ नका. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत बिल फाडू नका. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो. नाशिकचा एमएच १५ असो की मालेगावचा एमएच ४१, पुन्हा विकताना खरेदीदार हेच आधी विचारतो. जुना ट्रॅक्टर घेत असाल तर आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, आणि पीटीओच्या सीलमधून तेल गळतंय का हे इंजिन गरम झाल्यावर तपासा, थंड असताना काही कळत नाही.

चाचणी शोरूमच्या डांबरी आवारात घेऊ नका. आपल्या वळणावर, आपल्या ट्रॉलीत भरपूर माल टाकून, चढ-उतारावर ब्रेक दाबून घ्या. तेलातले ब्रेक आहेत का, हे घाटाकडच्यांनी आधी विचारावं.

राहता राहिला मुहूर्त. जूनअखेर पेरलेला मका सप्टेंबरच्या अखेरीस मुरघासाला येतो, म्हणजे दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर दारात आणला तर खरिपाचा हंगाम बहुधा हातातून गेलेला असतो. शिवाय पहिले पन्नास तास नव्या इंजिनावर जड काम नको, त्यानंतर पहिली सर्व्हिस. डिलिव्हरी पोळ्याच्या आधी घ्या, ते पन्नास तास टँकर आणि वैरणीत घालवा, तेल बदलून घ्या आणि मग मक्यात शिरा. दसऱ्याला झेंडूची माळ घालायला तो तेव्हाही दारात असेलच.