कॉमिक्स चित्रकाराचे रोजचे स्केचबुक : या चुका टाळा

कॉमिक्स काढू इच्छिणाऱ्या बहुतेकांनी रोज एक पान रेखाटण्याचा संकल्प कधी ना कधी केलेला असतो आणि बहुतेकांच्या कपाटात पहिली दहा-बारा पाने भरलेली, पुढची कोरी राहिलेली दोन-तीन स्केचबुके पडलेली असतात. त्याचा दोष आळसाला देण्याची आपल्याकडे सवय आहे. मला ते निदान पटत नाही. सराव बंद पडतो तो बहुधा स्केचबुकाकडून भलतीच अपेक्षा धरल्यामुळे. कॉमिक्स चित्रकाराच्या स्केचबुकात कथेला लागणारी सामग्री साठत गेली पाहिजे : रांगेत कंटाळलेला माणूस एका पायावर भार कसा देतो, जिन्याखालच्या अंधारात सायकली कशा रचून ठेवलेल्या असतात, दोन बायका भांडताना तिसरी कुठे उभी राहते. ही गरज नजरेआड झाली की पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका आपोआप घडत जातात.

प्रत्येक पान दाखवण्याजोगे करण्याचा अट्टहास

सर्वांत जास्त स्केचबुके या चुकीने बंद पडतात. पान काढण्याआधीच त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर कसे दिसेल हा विचार मनात आला की हात सावध होतो, जे आधीपासून जमते तेच पुन्हा काढले जाते आणि जे जमत नाही, म्हणजे ज्याच्यासाठी सरावाची गरज आहे, ते टाळले जाते. जेक पार्कर या अमेरिकी चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘इंकटोबर’ या उपक्रमात ऑक्टोबरभर रोज शाईचे एक चित्र काढून ते इतरांना दाखवायचे असते. एका महिन्यापुरती ती शिस्त उपयोगी आहे, कारण त्यातून शाईचे काम पूर्ण करण्याची सवय लागते. परंतु तोच नियम बारा महिन्यांच्या स्केचबुकाला लावला तर वही प्रदर्शनाची होते आणि अभ्यास थांबतो.

उपाय साधा आहे. एक वही कोणालाही न दाखवण्यासाठी ठेवावी आणि इतरांपुढे ठेवायचे चित्र वेगळ्या कागदावर करावे. पहिल्या पानाची धास्ती वाटत असेल तर त्यावर पेनांच्या रेघा, शाईचे ठिपके, ब्रशचे फटकारे यांची चाचणी घ्यावी, म्हणजे कोऱ्या वहीचा दबाव तिथेच संपतो. वेळेची मर्यादा मात्र कडक असावी. वीस मिनिटांत जे उतरेल ते त्या दिवसाचे पान, असे ठरवले की सजावटीला वेळच उरत नाही.

तोच चेहरा, तीच बाजू, खिशात लपवलेले हात

आपल्या वहीची मागची तीस पाने चाळून पाहा. उजव्या हाताने काढणाऱ्यांची बहुतेक डोकी डावीकडे पाहत असतात, कारण मनगटाला ते वळण सोपे जाते. हात खिशात किंवा पाठीमागे असतात, पावले पानाच्या कडेने कापलेली असतात आणि माणसाच्या मागे काहीच नसते. एकट्या चित्रात हे खपून जाते. कॉमिक्समध्ये तोच माणूस पुढच्या चौकटीत पाठमोरा लागतो, त्यापुढच्या चौकटीत वरून दिसावा लागतो, आणि तिथे पान अडते.

यासाठी महाराष्ट्रातल्या शाळांमधून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना एक जुनी ओळखीची गोष्ट पुन्हा हाती घेता येईल, ती म्हणजे स्मरणचित्र. दुर्दैवाने शाळेत त्याची तयारी ठराविक विषय पाठ करून होते. पाणवठा, बसथांबा, फुगेवाला यांची एकेक रचना घोटून ठेवायची आणि परीक्षेत उतरवायची, अशी ती पद्धत. तिच्यातला घोटण्याचा भाग सोडून द्यावा आणि स्मरणाचा भाग घ्यावा. एसटी स्थानकावर पाच मिनिटे फक्त पाहावे, काढू नये. घरी येऊन आठवेल तेवढे काढावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन बाकाचे पाय, फलाटाचे खांब, वाहकाच्या खांद्यावरची पिशवी पडताळून पाहावी आणि चुकले ते शेजारच्याच पानावर दुरुस्त करावे. कॉमिक्सचे पान शेवटी मनातूनच काढायचे असते, त्यामुळे पाहणे आणि आठवणे यांमधली गळती कुठे होते हे ज्याला कळले त्याचा निम्मा अभ्यास झाला असे मी मानतो.

केवळ छायाचित्रांवरून रेखाटणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याला जवळची वस्तू अवास्तव मोठी दिसते, कडेच्या सरळ रेषा ताणल्या जातात आणि सावलीतला तपशील गडप होतो. ते सगळे आपण नकळत खरे मानून उतरवतो. माणसे हलतात म्हणून समोरून काढणे जमत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यावर उपाय असा की वारंवार तीच हालचाल करणारी माणसे निवडावीत. इस्त्रीवाला, भाजी तोलणारी बाई, उसाचा रस काढणारा हे सगळे काही क्षणांनी पुन्हा त्याच स्थितीत येतात. एका पानावर तीन-चार अर्धवट रेखाटने एकदम सुरू ठेवावीत आणि माणूस ज्या स्थितीत परतेल त्या रेखाटनात भर घालावी. कोणाला संकोच वाटतो आहे असे दिसले तर थांबावे, विचारले तर वही मोकळेपणाने दाखवावी.

चित्रे आहेत, पण प्रसंग नाही

माझ्या मते ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी चूक आहे. रोज एक उत्तम आकृती काढणारा चित्रकार वर्षभराने उत्तम आकृत्या काढू लागतो. कॉमिक्स काढू लागतोच असे नाही. कारण कॉमिक्सचे निम्मे काम दोन चौकटींच्या मधल्या मोकळ्या पट्टीत होते : कोणता क्षण दाखवायचा, कोणता वाचकावर सोपवायचा आणि किती वेळ गेला असे भासवायचे. याचा सराव एकट्या चित्रातून होत नाही.

वडापावच्या गाडीपाशी उभे राहा. पाव हातात घेणे, तो मधोमध फाडणे, चटणी लावणे, वडा ठेवणे, दाबणे, कागदात गुंडाळणे, पैसे घेणे आणि देणे, अशा निदान आठ क्षणांतून फक्त तीन निवडून आगपेटीएवढ्या तीन चौकटी काढाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाचे वेगळे तीन क्षण निवडावेत. पहिल्या दिवशी गाडीवाल्याचा वेग दिसला असेल, तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची भूक दिसू शकते. निवड बदलली की गोष्टच बदलते, हे हाताला एवढ्या छोट्या जागेतच कळते. चौकटी लहान ठेवण्याचे कारण हेच की त्यांत चेहरा सजवायला जागा नसते आणि लक्ष रचनेवर राहते. याच सरावात एक अट घालून घ्यावी : तिन्ही चौकटींत एकच माणूस असेल, पण समोरून, पाठीमागून आणि वरून. त्याचे पोट, केसांचे वळण, सदऱ्याची बाही तिन्हींकडे जुळली पाहिजे.

दिवसाचा प्रसंग चित्रात आणण्याची सवय किती दूर नेऊ शकते, याचे आपल्या शेजारचे उदाहरण म्हणजे गोव्याचे मारिओ मिरांडा. तरुणपणी त्यांनी ठेवलेल्या सचित्र रोजनिशींपैकी १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. दिवसभरात भेटलेली माणसे आणि घडलेले प्रसंग यांची चित्रे आणि सोबत मजकूर असे त्यांचे रूप आहे. त्यांच्या नंतरच्या व्यंगचित्रांत गर्दीतला प्रत्येक माणूस स्वतःचे काहीतरी करत असतो, आणि त्या रोजनिशी पाहिल्यावर या कौशल्याची मुळे रोजच्या नोंदीत आहेत असे मला वाटते. अमेरिकेत कॉमिक्स चित्रकार जेम्स कोचाल्का यांनी १९९८ ते २०१२ या काळात आपल्या दिवसातला एखादा प्रसंग बहुतेक वेळा चार चौकटींत मांडणारी रोजची कॉमिक्स रोजनिशी चालवली. तिची रेषा साधी आहे, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे चालू शकली.

अक्षरांचा सराव न करणे

मराठी कॉमिक्सच्या हस्तलिखित पानांत चित्र सुबक आणि संवादाचा फुगा ओढूनताणून कोंबलेला, असे वारंवार दिसते. त्याचे कारण स्केचबुकातच सापडते, कारण तिथे अक्षर क्वचितच असते. इंग्रजी कॉमिक्समधले संवाद सहसा सर्व मोठ्या अक्षरांत, एकाच उंचीत लिहिलेले असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना खेटून बसतात. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग उतरतात. वरच्या ओळीत ‘पुढून’ आणि तिच्या नेमके खाली ‘गर्दीत’ आले की उकार आणि रफार एकमेकांवर आदळतात. इंग्रजी पानांवरून फुग्याचे माप उचलणाऱ्यांची इथेच फसगत होते.

म्हणून रोजच्या पानावर निदान एक वाक्य फुग्यासह असावे. आधी फिक्या पेन्सिलीने तीन पट्टे आखावेत. मधला अक्षराच्या उंचीचा, वरचा आणि खालचा त्याच्या साधारण निम्मा. मग अक्षर लिहावे आणि शेवटी त्याभोवती फुगा काढावा. फुगा आधी काढला की वाक्य त्यात बसवण्यासाठी अक्षरे चेंगरतात. मूळ पान छपाईच्या दीडपट काढले असेल तर ६ मिलिमीटर उंचीचे अक्षर छापल्यावर ४ मिलिमीटर होते, आणि त्या उंचीला ‘ट्ट’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांच्या पोटातली पांढरी जागा शाईने भरून जाते का हे झेरॉक्सवर लहान करून पाहता येते. वाक्यही ऐकलेले असावे. बसमध्ये कानावर पडलेले ‘कुठं निघालास एवढ्या उन्हाचं?’ जसेच्या तसे टिपून ठेवावे. ते दुरुस्त करून ‘तू कुठे निघाला आहेस?’ केले की बोलणारा माणूसच हरवतो. फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे मजकूर जात असेल तर एक फुगा वाढवावा किंवा वाक्य कापावे.

चुकलेल्या दिवसाची भरपाई

एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पाने, तिसऱ्या दिवशी चार, असे कर्ज साचू देऊ नये. चुकलेला दिवस सोडून द्यावा आणि त्या दिवशीचे एक पान काढावे. दोन पातळ्या ठरवल्या तर सातत्य टिकते : नेहमीच्या दिवशी पूर्ण पान, आजारपणात किंवा प्रवासात फक्त एक चौकट. विषय रोज नवा शोधण्याचीही गरज नसते. जपानी चित्रकार होकुसाई यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर, १८४२-४३ च्या सुमारास, अरिष्ट दूर राहावे म्हणून रोज सिंहाचे एक चित्र काढण्याचा नेम धरला होता. विषय एकच, पण त्यांतले सिंह एकमेकांसारखे नाहीत. विषय ठरलेला असला की सगळी कल्पकता हालचालीवर खर्च करता येते.

साहित्याच्या तक्रारी

शाई पानाच्या मागे उमटते, ही तक्रार बहुतेक वेळा कागदाची असते. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद पेन्सिल आणि बॉलपेनला पुरतो. ब्रशपेन आणि शाईसाठी १२० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज कागद घ्यावा, आणि जलरंगाचा हात मारायचा असेल तर त्याहून जाड. रंग लावताच रेषा पसरत असेल तर पेनची शाई पाण्यात विरघळणारी आहे. बरेचसे जेल पेन असेच असतात. वॉटरप्रूफ लिहिलेल्या पेनलाही वाळायला वेळ द्यावा लागतो. बाटलीतली वॉटरप्रूफ इंडियन इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, ती आत सुकून पेन कायमचे बंद पाडू शकते. तिच्यासाठी दौतीत बुडवायची निब किंवा ब्रश हेच योग्य. समोरासमोरच्या पानांवर पेन्सिल उतरत असेल तर मध्ये बटर पेपर ठेवावा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा वहीच्या परीक्षेचा काळ असतो. दमट कागदावर शाई धाग्याधाग्याने फुटते आणि खोडरबराने कागदाचा थर निघतो. अशा वेळी शाईचे काम पंख्याखाली सुकवलेल्या पानावर करावे, पान पूर्ण वाळल्याशिवाय वही मिटू नये आणि बाहेर नेताना प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. ओली वही पिशवीत बंद करणे हे उघडी ठेवण्याहून वाईट, कारण बुरशी तिथेच धरते. आकार ए५, म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर, असला तर वही उभ्याउभ्या एका हातावर पेलते. घरात राहणारी मोठी वही रोज उघडली जात नाही, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

भरलेली वही पुन्हा न उघडणे

प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि वेळ लिहावी. सकाळचे आणि दुपारचे ऊन वेगळे असते आणि पुढे सावली कोणत्या बाजूला पडत होती हे आठवत नाही. पानांना क्रमांक देऊन शेवटच्या दोन पानांवर सूची करावी : छत्र्या, जिने, झोपलेली माणसे, रिक्षाचा अंतर्भाग, ऐकलेली वाक्ये. महिन्याअखेरीस सूचीतून दोन-तीन नोंदी निवडून त्यांवरून पाच-सहा चौकटींचे एक पूर्ण कॉमिक्स पान वेगळ्या कागदावर, अक्षरांसह करावे. ते करताना जिथे जिथे हात थांबतो, म्हणजे रिक्षा काढली पण चालकाचा पाय ब्रेकवर कसा असतो हे माहीत नाही, जिना काढला पण कठडा भिंतीला कुठे मिळतो ते पाहिलेले नाही, त्या जागा लगेच लिहून काढाव्यात. पुढच्या महिन्याच्या वहीचे विषय त्या यादीतून घ्यावेत.