डन्जन्स अँड ड्रॅगन्स: लढाईतली बेरीज करताना या चुका टाळा

"माझी स्ट्रेंग्थ १६ आहे, मग हल्ल्यात किती मिळवू?" फासे टाकून पात्र रंगवण्याच्या या खेळात नव्या खेळाडूने हे विचारलं की टेबलावरून तीन उत्तरं येतात. कुणी २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीवर खेळायला शिकलेला असतो, कुणी व्हिडिओ गेमवरून आलेला, तर कुणी डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) कधीकाळी केलेला घरगुती नियम छापील समजून बसलेला. इथे २०१४ ची पाचवी आवृत्ती धरली आहे. ॲट्रिब्यूट (पात्राचा मूळ गुण, जसं स्ट्रेंग्थ) लढाईत नेमक्या ठरलेल्या जागीच लागतं. बहुतेक भांडणं ते भलत्या जागी किंवा दोनदा लावल्यामुळे होतात.

आकडा आणि मॉडिफायर यांची सरमिसळ

पात्राच्या शीटवरचा १६ फाशात मिळवायचा नाही, त्यातून निघणारा मॉडिफायर मिळवायचा. आकड्यातून १० वजा करा, उरेल त्याचं निम्मं करा, अपूर्णांक आला तर खाली उतरा. १६ चा मॉडिफायर +३, १५ चा +२. दहाच्या खाली गेलं की चुकतं: ७ चा मॉडिफायर −२ आहे, −१ नाही, कारण उणे दीडच्या खाली उणे दोन येतो.

विषम आकडा वाया जातो ही तक्रार बरीचशी खरी आहे, पण पूर्ण नाही. प्लेट आर्मरला स्ट्रेंग्थ १५ लागते, चेन मेलला १३. तेवढी नसेल तर चिलखत घालता येतं, फक्त वेग १० फुटांनी घटतो (ड्वार्फला ही अट नाही). स्ट्रेंग्थ १४ चा पॅलाडिन (लढवय्या पात्राचा एक वर्ग) प्लेट घालून ३० फूट धावताना दिसला तर डीएमने टोकावं.

प्रोफिशियन्सी बोनस नुकसानातही मिळवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पहिल्या लेव्हलचा फायटर घ्या, स्ट्रेंग्थ १६, हातात लाँगस्वोर्ड, समोर आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५ चा गॉब्लिन. हल्ल्याचा फासा म्हणजे डी-२० (वीस बाजूंचा), त्यात मॉडिफायर ३ आणि प्रोफिशियन्सी बोनस (सरावाचा बोनस) २, एकूण +५. फाशावर १० पडले, बेरीज १५, म्हणजे वार लागला, कारण बरोबरी झाली तर हल्लेखोर जिंकतो. आता नुकसान: एका हाताने धरली असेल तर डी-८ अधिक ३. इथे पाच नाही, तीनच. प्रोफिशियन्सी म्हणजे नेम लागण्याची सवय, वाराचा जोर नव्हे.

नैसर्गिक २० पडले तर नुकसानाचे फासे दुप्पट होतात, मॉडिफायर नाही. म्हणजे दोन डी-८ अधिक ३. "सगळंच दुप्पट" करणारी टेबलं आहेत. मजा म्हणून हरकत नाही, पण राक्षसांनाही तेच लागू होतं हे आधी ठरवून घ्या.

दोन हातांत दोन शॉर्टस्वोर्ड घेऊन लढणाऱ्यांची वेगळी गंमत. बोनस ॲक्शनमधल्या (त्याच पाळीतल्या जादा कृतीतल्या) दुसऱ्या वाराच्या नेमात मॉडिफायर मिळतो, नुकसानात मिळत नाही. उणे असेल तर मात्र वजा होतो. तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या हाताला अर्धी स्ट्रेंग्थ मिळायची आणि दोन्ही हातांनी धरलेल्या शस्त्राला दीडपट. जुने खेळाडू ते नियम अजून डोक्यात घेऊन फिरतात.

शस्त्र कोणतं, ॲट्रिब्यूट कोणतं

जवळून मारायचं शस्त्र स्ट्रेंग्थवर, दूरचं डेक्स्टेरिटीवर. शस्त्रापुढे फिनेस हा गुणधर्म लिहिलेला असेल तर दोन्हींपैकी हवं ते, पण नेम आणि नुकसान दोन्हींना एकच. भाला फेकला की खेळाडू आपोआप डेक्स्टेरिटी लावतात, ते चूक. जॅव्हलिन हे फेकता येणारं जवळचं शस्त्र आहे, म्हणून स्ट्रेंग्थच. डॅगर फिनेस असल्याने त्याला दोन्ही चालतात. लाँगबोला फक्त डेक्स्टेरिटी, मग ताणणारा बैलासारखा का असेना. खऱ्या धनुर्धारीला हे पटणार नाही.

बार्बेरियनने रेपियर घेऊन डेक्स्टेरिटीने वार केला तर रेजचं (त्याच्या लढाईतल्या संतापाचं) जादा नुकसान मिळत नाही. ते फक्त स्ट्रेंग्थने केलेल्या जवळच्या वाराला आहे. रोग (Rogue, लपून वार करणारा चोरटा) या पात्राचं मात्र उलटं: स्नीक ॲटॅकसाठी शस्त्र फिनेस किंवा दूरचं हवं, ॲट्रिब्यूट कोणतं वापरलं याची अट नाही.

आर्मर क्लास फुगतो तेव्हा

हलक्या चिलखतात डेक्स्टेरिटीचा पूर्ण मॉडिफायर, मध्यम चिलखतात जास्तीत जास्त +२, जड चिलखतात काहीच नाही. चेन मेल म्हणजे सरळ १६, ढाल घेतली तर १८, डेक्स्टेरिटी कितीही असो. बार्बेरियन चिलखताशिवाय १० अधिक डेक्स्टेरिटी अधिक कॉन्स्टिट्यूशन घेतो, माँक कॉन्स्टिट्यूशनच्या जागी विझडम. ही दोन सूत्रं एकमेकांवर चढवता येत नाहीत. मल्टिक्लास केलं (एका पात्रात दोन वर्ग घेतले) म्हणून तिन्ही मॉडिफायर लावणारे सापडतात.

कॉन्स्टिट्यूशनकडे दुर्लक्ष

विझार्ड बनवताना लोक ८ इथेच टाकतात. सरासरी आकडे घेतले तर कॉन्स्टिट्यूशन ८ चा विझार्ड पाचव्या लेव्हलला १७ हिट पॉइंट्सवर (जीव किती आहे तो आकडा) असतो, १४ चा ३२ वर. शिवाय मार बसला की कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्रावरची एकाग्रता) टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) लागतो. लक्ष्य १० किंवा नुकसानाच्या निम्मं, जे जास्त असेल ते. २२ चा फटका बसला तर ११ पाडावे लागतात.

पुढे कॉन्स्टिट्यूशन वाढवलं तर ते मागच्या लेव्हलनाही लागू होतं. चौथ्या लेव्हलला १३ चं १४ केलंत तर कमाल हिट पॉइंट्स या वाढीमुळेच ४ ने वाढतात. बरेच जण फक्त १ वाढवतात आणि मग वर्षभर तीन कमी घेऊन खेळतात.

शंका आली तर कुठे बघायचं

पहिल्या लेव्हलला नेमाचा बोनस साधारण +५ असतो. आर्चरी फायटिंग स्टाइलने (दूरच्या शस्त्राची खास लढण्याची पद्धत) +७ होऊ शकतो. जादूचं शस्त्र नसताना +८ दिसला तर बहुधा काहीतरी दोनदा मिळवलंय. +३ दिसला तर बहुधा प्रोफिशियन्सी राहिली आहे. विझार्डच्या फायर बोल्ट मंत्राच्या नुकसानात इंटेलिजन्स दिसली तर खोडून टाका, ती फक्त नेमात येते. इनिशिएटिव्हमध्ये (लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या फाशात) डेक्स्टेरिटी येते, प्रोफिशियन्सी नाही.

एवढं करूनही दोघांचं जमत नसेल तर पुस्तकाचं साल तपासा. ग्रॅपल (समोरच्याला धरून ठेवणं) २०१४ मध्ये ॲथलेटिक्सची चढाओढ होती. २०२४ मध्ये समोरच्याला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी सेव्ह करावा लागतो आणि लक्ष्य ८ अधिक तुमचा स्ट्रेंग्थ मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी असं निघतं. एका टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडी असतील तर दोघंही बरोबरच असतात, म्हणून कोणतं चालवायचं ते डीएमने पहिल्याच सत्रात सांगून टाकावं.