लायपोसक्शन : शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आणि नंतरची काळजी

लायपोसक्शन हा वजन घटवण्याचा उपाय नव्हे, हे शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. त्वचेखाली साचलेली आणि आहार-व्यायामाला दाद न देणारी चरबी बारीक नळीने ओढून घेऊन ठरावीक भागाला घाट देणे, एवढेच तिचे काम आहे. आतड्यांभोवतीची चरबी तिच्या आवाक्यात येत नाही आणि सैल पडलेली कातडीही तिने आवळली जात नाही. म्हणून काही महिने वजन स्थिर राहिल्यावरच तारीख ठरवणे शहाणपणाचे ठरते.

पहिल्याच भेटीत, एकूण किती लिटर चरबी व द्रव काढणार, हे सर्जनना स्पष्ट विचारावे. हे प्रमाण पाच लिटरपेक्षा अधिक असेल, तर किमान एक रात्र देखरेखीखाली राहण्याची व्यवस्था असायला हवी; ती नसताना कोणी एवढे काढायला तयार होत असेल, तर तिथे शस्त्रक्रिया न केलेलीच बरी. घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी सोबत न्यावी आणि तिच्यात जीवनसत्त्वे, गर्भनिरोधक गोळ्या व वनौषधीही लिहाव्यात, कारण ‘ती काही औषधे नव्हेत’ असे समजून लोक नेमकी तीच सांगायची विसरतात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणि ‘ई’ जीवनसत्त्वाने रक्तस्राव वाढू शकतो, तर संप्रेरकांच्या काही गोळ्यांमुळे गुठळ्यांचा धोका वाढतो. मात्र हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावे; निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखमा रेंगाळतात, त्यामुळे निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगमबद्दलही विचारून घ्यावे. उपाशी राहण्याची वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी.

घरी परतल्यावर पहिले चोवीस तास जबाबदार माणूस सोबत हवा. गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर घालून ठेवावी, कारण पहिले एक-दोन दिवस लहान छेदांतून गुलाबी पाणी झिरपत राहते आणि ते पाहून पुष्कळांचे धाबे दणाणते. चरबी काढण्यापूर्वी त्या भागात सलाइन, लिडोकेन (भाग बधिर करणारे औषध) आणि अ‍ॅड्रेनलिन (रक्तस्राव कमी करणारे औषध) यांचे मिश्रण भरलेले असते; त्यातले उरलेले पाणी थोड्याशा रक्तासह बाहेर येते, आणि ते आत साचण्यापेक्षा बाहेर गेलेले चांगलेच. लालभडक रक्त सतत वाहू लागले, तर मात्र त्वरित कळवावे. ओठांना मुंग्या, कानांत गुणगुण किंवा तोंडात धातूसारखी चव जाणवणे ही लिडोकेन अंगात जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात; तीही त्याच रात्री सांगावीत, सकाळची वाट पाहू नये.

दाब देणारा घट्ट पोशाख, म्हणजे कम्प्रेशन गारमेंट, साधारण चार ते सहा आठवडे घालावा लागतो. तो प्रथम उतरवताना दाब एकदम सुटून चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगावर बसून, कोणाच्या तरी मदतीने, सावकाश उतरवावा. पुन्हा चढवताना सुरकुती राहू देऊ नये; तिचा वळ त्वचेवर उठतो.

त्याच संध्याकाळपासून घरातल्या घरात थोडे थोडे चालावे. आराम म्हणजे दिवसभर अंथरुणात पडून राहणे, हा समज इथे घातक आहे, कारण पायांत गुठळी होण्याचा धोका त्यानेच वाढतो. एकाच पोटरीला सूज व दुखरेपणा, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट तातडीच्या विभागात जावे. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा औषध घेऊनही वाढत जाणारी वेदना असेल, तर सर्जनना त्याच दिवशी दाखवावे.

सुरुवातीचे काही दिवस सूज वाढते, आणि वजनकाटा आधीपेक्षा अधिक आकडा दाखवतो, तो या साचलेल्या पाण्यामुळे. काळेनिळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. गाठी आणि बधिरपणा मात्र महिनोन्‌महिने टिकू शकतात. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी किंवा बर्फ थेट ठेवू नये, कारण चटका बसला तरी तो जाणवत नाही. छेद पूर्ण भरेपर्यंत टबात किंवा तलावात उतरू नये. जड व्यायाम सर्जनच्या परवानगीनेच सुरू करावा.

खरा आकार तीन ते सहा महिन्यांत दिसतो. तोवर आरशात दिसणारी उंचसखल बाजू बहुधा सुजेची असते, त्यामुळे दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेचा विषय सहा महिन्यांपूर्वी काढू नये.