कार्ट्रिजमधला सेव्ह उडत होता, असा ठीक केला

कार्ट्रिजमधला (कन्सोलमध्ये खोचायची व्हिडिओ गेमची डबी) गेम मस्त चालायचा पण कन्सोल बंद केला की सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, गायब. आधी वाटलं पिनांवर घाण असेल, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, काही फरक नाही. मग ३.८ मिमीच्या खास स्क्रूड्रायव्हर बिटने कार्ट्रिज उघडून मल्टिमीटर लावला तर आतला सेल ३ व्होल्टऐवजी १.२ दाखवत होता, आणि सेव्ह ज्या एसरॅम चिपमध्ये (वीज गेली की सगळं विसरणारी मेमरी) असतो तिला पॉवर बंद असताना हाच सेल सांभाळतो ना. जुना काढून पत्र्या लावलेला सीआर२०३२ (३ व्होल्टचा बटण सेल) सोल्डर केला. साध्या सेलवर थेट सोल्डर अजिबात करू नका, तापून फुटू शकतो! प्लस-मायनस दोनदा बघा. जुना सेव्ह गेलाच, खूप वाईट वाटलं. नवीन मात्र तीन आठवडे टिकलाय.