ट्रेलला जाताना गाडीची काच वाचवा

सॅन फ्रान्सिस्कोच्या लँड्स एंड या समुद्रकाठच्या पायवाटेसारख्या ठिकाणी तासभर फिरून येईतो गाडीची मागची छोटी काच फुटलेली आणि बॅग गायब! त्यावर हा साधा उपाय.

१. सामान घरीच लावून निघा. पार्किंगमध्ये पोचल्यावर लॅपटॉप ट्रंकमध्ये (डिकीत) ठेवलात, तर टपून बसलेल्या चोराला तो कुठे आहे हे तुम्हीच दाखवलंत.

२. ट्रंकमध्ये काही नसेल तर मागची सीट आडवी करा, ट्रंकवरचा पडदा असेल तर गुंडाळून ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. छोटी काच फोडून चोर सीट पाडतात ते ट्रंकमध्ये काय आहे ते बघायला. ती रिकामी आहे हे बाहेरूनच दिसलं, तर काच फोडण्याची गरजच उरत नाही.

३. चार्जरची वायर, चिल्लर, सीटवरचं जॅकेट, काहीही ठेवू नका. जॅकेटखाली काहीतरी झाकलंय असंच वाटतं.

४. भारतातून आई-बाबा आले असतील तर आईची पर्स आधी बघा. पासपोर्ट बहुतेक तिथेच असतात. पर्स सोबतच न्या. पासपोर्ट वकिलातीतून नवा मिळेल, पण हरवलेला व्हिसा अमेरिकेत राहून पुन्हा मिळत नाही.

एक मात्र विसरू नका: गॅरेजचा रिमोट खिशात घ्या. गाडीतल्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर घरचा पत्ता असतो. दोन्ही एकत्र चोराच्या हाती लागले तर घरही उघडं पडतं.