रात्री तीन-चार वेळा लघवीला उठताय? सगळं खापर प्रोस्टेटवर फोडण्याआधी या चुका टाळा

रात्रीचे अडीच वाजलेत, एक हात भिंतीला टेकवून बाथरूममध्ये उभा, लागलीये तर जोरात पण सुरू व्हायचं नाव नाही. मग एकदाची बारीक धार येते, मधेच थांबते, परत ठिबक ठिबक. येऊन पांघरूण ओढतोय तोवर वाटतं अजून राहिलीच आहे. ज्यांचं हे रोजचं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मी यात चार वर्षं काढलीत आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका स्वतः केल्यात. डॉक्टर नाहीये मी, पेशंट आहे, तेव्हा त्याच हिशोबाने वाचा.

सुरुवातीची चूक सगळेच करतात, "वय झालं की होतंच" म्हणून गप्प बसायचं. होतं हे खरंच आहे. प्रोस्टेट ही पुरुषांच्या ब्लॅडरखालची (मूत्राशयाखालची) ग्रंथी, तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची, अक्रोडाएवढी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते, त्यामुळे ती वाढली की नळी दाबली जाणार. साठीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांची वाढलेली असते, ऐंशीनंतर तर बहुतेकांची. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही, पण दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, म्हणून एकदा तपासून घ्यायचंच. तिथे लाजण्यात मी दीड वर्ष घालवलं, काही कमावलं नाही.

पण माझी खरी मोठी चूक वेगळीच होती. सोनोग्राफीत "प्रोस्टेट वाढलीये" असं आलं आणि मी ठरवून टाकलं की रात्री उठावं लागतं ते तिच्यामुळेच. गोळी सुरू झाली, धार सुधारली, दिवसा बरं वाटायला लागलं, रात्रीचे तीन फेरे मात्र जसेच्या तसे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की मापाचा जग घ्या, तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वेळेसकट लिहून आणा. घरात जाम हसले सगळे. पण एका रात्रीची नोंद अशी निघाली: 1 वाजता 310 मिली, 3 वाजता 280, पावणेपाचला 240 आणि सकाळी उठल्यावर 200. म्हणजे झाले 1030. आणि त्याआधी दिवसा झोपेपर्यंतची सगळी मिळून 1100.

आता बघा, वयस्कर माणसात चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त जर रात्री बनत असेल (सकाळची पहिली त्यात धरायची, झोपण्याआधीची नाही) तर अडचण फक्त नळीची नाही, शरीर रात्रीच जास्त लघवी बनवतंय. माझं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं! याउलट प्रत्येक वेळी 60-80 मिलीच येत असेल तर ब्लॅडर नीट रिकामं होत नाहीये किंवा लवकर चाळवतंय, आणि तिथे प्रोस्टेटवर संशय घ्यायला जागा आहे. दोन्ही एकत्रही असतं. पण हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायचं सोडून आम्ही गोळ्या बदलत बसतो.

मग रात्री एवढी बनते कशाने? माझ्या बाबतीत पायांनी घात केला होता. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वण दिसायचा, मी म्हणायचो इलॅस्टिक घट्ट आहे. ती सूज होती. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं, किडनी ते गाळते, आणि एक वाजता तुम्ही उठता. त्यामुळे आता दुपारी तासभर पाय उशीवर उंच करून पडतो, म्हणजे ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. सूज कशाने येते तेही बघावं लागतं. बीपीची अॅम्लोडिपिनसारखी गोळी, हृदय, किडनी, काहीही असू शकतं. पाणी कमी करायची गोळी चालू असेल तर ती कधी घेता हे डॉक्टरांशी बोला, कारण संध्याकाळी उशिरा घेतली तर ती आपलं काम रात्रीच करणार ना. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका. आणि जोरात घोरत असाल, मधेच श्वास अडकतो असं बायको म्हणत असेल तर स्लीप अॅपनिया तपासा, त्यानेही रात्री लघवी वाढते. शुगर तर तपासायचीच.

पाण्याचं सांगतो, कारण यात लोक टोकाला जातात. दिवसभर घोट घोट पिऊन राहायचं, का तर रात्री उठायला नको. त्याने लघवी घट्ट होते, जळजळते, बद्धकोष्ठ होतो आणि साठलेल्या मळाने ब्लॅडरवर अजून दाब. पाणी दिवसा नीट प्या, झोपण्याआधीचे दोन-तीन तास आवरतं घ्या. संध्याकाळनंतर चहा-कॉफी आणि दारू बंद, जेवणातलं मीठ कमी. एवढंच.

आता सर्दीच्या गोळीचा किस्सा. नाक चोंदलं होतं, कपाटात पडलेली गोळी घेतली, झोपताना अजून एक. पहाटे चारला पोट फुगल्यासारखं झालं, लागलेली प्रचंड, आणि एक थेंब येईना. नळ सोडून बघितला, गरम पाणी अंगावर घेतलं, घाम फुटला नुसता. इमर्जन्सीत नळी घातली तेव्हा पिशवीत जवळजवळ लिटरभर जमा झालं आणि त्या क्षणी जे सुख वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. नाक मोकळं करणारी स्यूडोइफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिनसारखी औषधं ब्लॅडरचं तोंड आवळतात, आणि झोप आणणारी जुनी अॅलर्जीची औषधं (क्लोरफेनिरामिन वगैरे) ब्लॅडरचा जोर कमी करतात. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत दोन्ही एकत्र असतात, म्हणजे दार बंद आणि ढकलणाराही झोपलेला. औषधवाल्याला आधी सांगायचं, प्रोस्टेटचा त्रास आहे. आणि लघवी पूर्ण बंद झाली तर सकाळची वाट बघत बसू नका, लगेच जा. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, हेही थांबण्यासारखं नाही.

गोळ्यांमध्ये अजून एक गोंधळ होतो. टॅम्सुलोसिन, सिलोडोसिन ही नळीभोवतीचे स्नायू सैल करतात, फरक थोड्या दिवसांत कळतो. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, त्याला सहा महिने लागू शकतात, आणि लोक तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. या दुसऱ्या प्रकारात पीएसएचा (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय तपासायच्या रक्तचाचणीचा) आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणून रिपोर्ट बघणाऱ्याला सांगा की ही गोळी चालू आहे, नाहीतर आकडा उगाच चांगला वाटेल. पहिल्या प्रकारात उठताना चक्कर येऊ शकते, त्यात सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घेतलं तर बीपी अजून खाली जातं, तेव्हा लपवू नका. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनबद्दल आधीच सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असेल तरी, कारण ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं आणि त्यांना तयारी ठेवावी लागते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच वाचलं.

वनस्पतीच्या कॅप्सूलवर मीही पैसे घातले. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध सॉ पाल्मेटो 2006 साली 225 पुरुषांना वर्षभर देऊन बघितलं होतं, ते नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

आता प्रत्यक्ष बाथरूममधलं. घाईत कुंथू नका, कुंथून धार मोठी होत नाही. रात्री तरी बसूनच करा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात आणि झोपेत तोल जायची भीती नाही. झाली असं वाटलं की मिनिट-दोन मिनिटं तसंच बसून परत एकदा प्रयत्न करा, पहिल्यांदा उरलेली थोडी निघते. नंतर चड्डीत थेंब पडत असतील तर अंडकोषाच्या मागे बोटाने हलकं दाबत पुढे आणा, नळीत अडकलेलं बाहेर येतं. ही युक्ती इतकी साधी आहे की आधी कळली असती तर किती पँटी वाचल्या असत्या.

अंधारात ताडकन उठून चालायला लागणं ही मला सगळ्यात धोकादायक चूक वाटते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा. वाटेवर मंद दिवा ठेवा, पायपुसणं काढून टाका. फारच जोरात लागत असेल तर पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवायला काय हरकत आहे? सुरुवातीला मला कमीपणा वाटला होता.

सध्या माझा फेरा एकच आहे, बहुतेक पावणेचारच्या सुमारास. धार अजून बारीकच आहे, पुढच्या महिन्यात युरोफ्लो (धारेचा वेग मोजायची तपासणी) आणि लघवी झाल्यावर आत किती उरते ते बघणार आहेत, दुर्बिणीच्या ऑपरेशनचं त्यानंतर ठरेल. तोवर तो मापाचा जग बाथरूममध्येच आहे, त्यावर मार्करने माझं नाव लिहून ठेवलंय म्हणजे चुकून कोणी स्वयंपाकघरात नेणार नाही.