पुण्याहून जोगला गाडीने जाताय? या चुका टाळा

आमच्या आजोबांच्या तोंडी तो कायम 'गिरसप्प्याचा धबधबा' असायचा. आता मोबाईलवर तोच 'जोग फॉल्स' म्हणून दिसतो: कर्नाटकातली शरावती नदी, २५३ मीटरची उडी, राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा चार धारा. व्हिडिओ बघून आम्ही पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. सहाशे किलोमीटर गाडी हाणली आणि समोर काय, तर काळा कातळ आणि त्यावरून नळ गळावा तशी एक धार. धाकटा म्हणाला, "बाबा, बंद आहे का?"

पोराचं फारसं चुकलं नव्हतं. धबधब्याच्या वर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ साली पूर्ण झालेलं. शरावतीचं पाणी तिथे अडतं आणि वीजनिर्मितीकडे वळतं. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे सुट्टी बघून तारीख ठरवणं. जुलैत जोराचा पाऊस लागला की धरणाच्या खालच्या खोऱ्यातलं पाणी येतं आणि चारही धारा दिसायला लागतात. खरं रौद्र रूप मात्र धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हाच. धरणाची पूर्ण पातळी १८१९ फूट. ऑगस्टमध्ये कर्नाटकातल्या वर्तमानपत्रांत पातळीचे आकडे येत असतात. आकडा १८१५ च्या पुढे सरकला की बॅग भरायला घ्यायची. भरपूर पावसाच्या वर्षी ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरची सुरुवात धरून चालायची. पाऊस ओढला असेल तर दरवाजे उघडतीलच असं नाही.

दुसरी चूक अंतर मोजण्याची. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड करत हुबळी साधारण ४३० किलोमीटर. तिथून मुंडगोड, शिरसी, सिद्दापूर मार्गे जोग आणखी १६० च्या आसपास. मॅप बघून माणूस म्हणतो, हुबळी आली म्हणजे झालंच की! तिथेच गणित फसतं. मोठा हायवे हुबळीला सुटतो. पुढे जंगलातला वळणावळणाचा रस्ता, पावसात खड्डे आणि मध्येच रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या गाई. शेवटच्या १६० किलोमीटरला चार-साडेचार तास धरा. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात रुंदीकरणाची डायव्हर्जन लागतात, त्याचा तास वेगळा.

या हिशेबावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे "रात्रीतून मारून नेऊ". नका नेऊ. रात्री दहाला निघालात तर झोप अनावर होते त्या पहाटेच्या वेळी तुम्ही नेमके हुबळीच्या पुढच्या जंगलात असता, धुक्यात आणि नवख्या रस्त्यावर. त्यापेक्षा पहाटे पाचला निघा, दुपारी हुबळीत जेवा, अंधार पडायच्या आत शिरसीत मुक्काम टाका. जोग दुसऱ्या दिवशी सकाळी. मुक्काम शिरसीत किंवा सागरला केला तर पर्याय बरे मिळतात. धबधब्याजवळच राहायचं असेल तर कर्नाटक पर्यटनाचं मयूरा गेरुसोप्पा आहे, पण पावसाळी शनिवार-रविवारसाठी खोली ऐनवेळी मागू नका.

मॅपमध्ये गाव टाकतानाही घोळ होतो. आजोबांच्या गिरसप्प्याचं कानडी नाव म्हणून 'गेरुसोप्पा' टाकलंत तर मॅप तुम्हाला घाट उतरवून होन्नावरच्या बाजूच्या त्या नावाच्या गावात नेईल. 'सागर' टाकलंत तर मध्य प्रदेशातलं सागर पुढे यायची शक्यता आहे. 'जोग फॉल्स' असंच टाका आणि मधले थांबे म्हणून मुंडगोड, शिरसी, सिद्दापूर घाला. नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा, जंगलात रेंज जाते. आतल्या रस्त्यांवर पुष्कळ पाट्या फक्त कानडीत असतात. हुबळीपर्यंत हिंदीवर भागतं, बेळगावात तर मराठीच चालते. पुढे 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्ली' म्हणजे कुठे, 'ऊटा' म्हणजे जेवण, एवढं आलं तरी निभतं.

मुंबई किंवा कोकणातून येणारे गोव्यावरून कारवार, अंकोला, होन्नावर असा किनाऱ्याचा रस्ता धरतात आणि मग घाट चढून जोगला येतात. रस्ता देखणा आहे, पण मुसळधार पावसात तो गृहीत धरू नका. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला याच महामार्गावर दरड कोसळून जीव गेले होते. उत्तर कन्नडमध्ये रेड अलर्ट असेल तर एक दिवस थांबा, नाहीतर वरच्या हुबळीच्या रस्त्याने या.

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला कर्नाटकात शिरायला परमिट लागत नाही. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या. मात्र भाड्याने गाडी घेणार असाल तर पाटी पिवळी (स्वतः चालवायची असेल तर काळी, पिवळ्या अक्षरांची) आहे ना आणि परमिट कर्नाटकात चालतं ना, हे निघण्याआधीच विचारा. ओळखीतल्या कुणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. फास्टॅग आदल्या दिवशीच तपासा, तो चालला नाही तर टोल जास्त जातो. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३ या हेल्पलाइनला फोन लावा. हुबळीच्या पुढे मात्र टाकी भरूनच निघा.

पावसातल्या ड्रायव्हिंगची एक सवय आता खटकायला लागली आहे. पाऊस वाढला की लोक चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. मग तुम्ही उभे आहात, वळताय की सरळ जाताय, मागच्याला कळत नाही. साधे हेडलाइट लावा, खालच्या झोतावर. काच आतून धुरकट झाली तर फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. घाट उतरताना ब्रेक दाबून धरू नका, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्येच राहू द्या. जळवांसाठी खिशात मिठाची पुडी ठेवा.

धबधब्याच्या पायथ्याला जाणाऱ्या जवळपास १४०० पायऱ्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तो बेत मनातून काढूनच या. समोरच्या काठावर जुना बॉम्बे बंगला आहे. उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि पलीकडे म्हैसूर, त्यामुळे एका धबधब्याला दोन राज्यांचे दोन बंगले.

आणि धुकं. दुसऱ्या वेळी आम्ही ऑगस्टमध्ये बरोबर वेळ साधून गेलो, तर समोर पांढरी भिंत! आवाज छातीत घुमत होता, दिसत काहीच नव्हतं. कणसं भाजणारा म्हणाला, "इन्नु अर्ध गंटे, सार." अर्धं कानडी, अर्धं मराठी, पूर्ण समजलं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच वाक्य, पुन्हा कणीस. शेजारचं कोल्हापूरचं कुटुंब वैतागून गाडीकडे निघालं. ते पार्किंगपर्यंत पोचले असतील नसतील, तोच वाऱ्याची झुळूक आली आणि डावीकडून आधी राजा, मग एकेक करत चारही धारा उघड्या पडल्या. जेमतेम सात-आठ मिनिटं. कणीसवाल्याने वर बघितलंसुद्धा नाही, तो निखाऱ्यांना वारा घालत होता.